मुहासबा : हिशेबाच्या वहीतून आत्मपरीक्षणाकडे आलेल्या एका शब्दाचा इतिहास

मराठीत स्वतःला तपासून पाहण्यासाठी 'आत्मपरीक्षण' हा शब्द सर्रास वापरला जातो. इस्लामी परंपरेत याच अर्थाने 'मुहासबा' किंवा पूर्ण रूपात 'मुहासबतुन्नफ्स' हा शब्द आहे. वरवर पाहता हे दोन शब्द एकमेकांचे पर्याय वाटतात; परंतु त्यांची घडण वेगळी आहे. 'परीक्षा' या संस्कृत शब्दात 'सर्व बाजूंनी पाहणे' ही कल्पना आहे. 'मुहासबा' या शब्दात पाहणे नाही, तर मोजणे आहे. जमा, खर्च आणि बाकी आहे. बाजारातला आणि दफ्तरातला एक शब्द माणसाच्या अंतःकरणाच्या तपासणीसाठी कसा वापरात आला, त्याने कोणते प्रदेश व कोणत्या भाषा पार केल्या आणि शिक्षणक्षेत्रात त्याचा आज काय उपयोग आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. धातू आणि त्याचा परिवार

अरबी भाषेत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून बनतात. 'ह-स-ब' या धातूचा मूळ अर्थ मोजणे, गणना करणे असा आहे. हिसाब (गणना), हसीब (हिशेब घेणारा), मुहासिब (हिशेब तपासणारा), इहतिसाब (जाब घेणे, तसेच पुण्य जमेस धरून कृती करणे), मुहतसिब (बाजार व लोकाचार यांवर देखरेख करणारा अधिकारी) हे सर्व शब्द या एकाच घरातले आहेत. मोगल दफ्तरातील 'हस्बुल हुकूम' म्हणजे हुकुमाबरहुकूम काढलेले पत्र. तोही याच धातूचा. आणि मराठी माणसाच्या तोंडी दिवसातून अनेकदा येणारा 'हिशेब' हा तर या परिवारातील सर्वांत ओळखीचा सदस्य होय.

'मुहासबा' या रूपाचे व्याकरण विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. अरबीत 'मुफाअला' या साच्यात बसणारे शब्द सामान्यतः दोन पक्षांमधील क्रिया दाखवतात. मुकाबला, मुआमला, मुनाझरा यांना समोर कोणीतरी दुसरा लागतो. मुहासबा म्हणजे दोन पक्षांनी समोरासमोर बसून केलेला हिशेब. मग माणूस स्वतःशीच मुहासबा करतो तेव्हा दुसरा पक्ष कोण? या शब्दाच्या रचनेतच उत्तर दडलेले आहे : हिशेब मागणारा आणि हिशेब देणारा असे दोन भाग माणसाला स्वतःमध्येच करावे लागतात. पुढील विचारवंतांनी या दोन भागांना 'अक्ल' आणि 'नफ्स' अशी नावे दिली.

कुरआनात हिशेबाची परिभाषा ठिकठिकाणी येते. अमेरिकन अभ्यासक चार्ल्स टोरी यांनी १८९२ मध्ये कुरआनातील व्यापारी शब्दांवर स्वतंत्र प्रबंध प्रसिद्ध केला होता. वजनकाटा, कर्ज, मोबदला, नफा, तोटा, नोंदवही हे मक्केच्या व्यापारी समाजाच्या ओळखीचे शब्द नैतिक जबाबदारी समजावण्यासाठी तेथे योजलेले दिसतात. सूरह अंबियामध्ये (२१:४७) मोहरीच्या दाण्याएवढे कर्मही तराजूत येईल असा आशय आहे. तर सूरह बनी इस्राईलमध्ये (१७:१४) माणसाला त्याचीच वही वाचावयास दिली जाईल व त्या दिवशी तोच स्वतःचा हिशेब घेण्यास पुरेसा असेल, असे म्हटले आहे. कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत (२:२८२) देवघेवीची लेखी नोंद कशी ठेवावी याविषयी आहे, हेही येथे ध्यानात ठेवले पाहिजे. व्यवहारातील वही आणि कर्मांची वही या दोन्ही कल्पना एकाच समाजात शेजारी शेजारी नांदत होत्या.

२. दफ्तर सांभाळणाऱ्यांची शिकवण

'तुमचा हिशेब घेतला जाण्यापूर्वी तुम्हीच तो घ्या' या आशयाची शिकवण परंपरेने हजरत उमर (र.) यांच्या नावावर नोंदलेली आहे. त्यांची कारकीर्द (६३४–६४४) पाहिली तर हे नाते अर्थपूर्ण वाटते. सैनिकांच्या व लाभार्थींच्या नोंदींसाठी 'दीवान' ही संस्था त्यांच्याच काळात उभी राहिली. प्रांताधिकाऱ्याची नेमणूक करताना त्याच्या मालमत्तेची यादी करावयाची आणि पुढे ती अवाजवी वाढलेली आढळल्यास जादा भागातून सरकारजमा करावयाची, अशी त्यांची पद्धत इतिहासकारांनी नोंदवली आहे. दुसऱ्यांचे हिशेब इतक्या काटेकोरपणे घेणाऱ्या माणसानेच पहिला हिशेब स्वतःचा घ्यावा, असा या शिकवणीचा रोख आहे.

दुसरे उदाहरण मैमून बिन मेहरान यांचे. इ. स. ७३५ च्या सुमारास निधन पावलेले हे विद्वान उमर बिन अब्दुल अझीझ यांच्या काळात जझीरा प्रांताच्या खराजवसुलीचे प्रमुख होते. व्यापारातील भागीदाराकडून माणूस जितक्या कठोरपणे हिशेब मागतो, त्याहून अधिक कठोरपणे स्वतःकडून मागेपर्यंत तो धर्मनिष्ठ ठरत नाही, हा विचार त्यांच्या नावाने सांगितला जातो. भागीदाराचा हा दाखला महसुली अधिकाऱ्याला सुचावा हे स्वाभाविक आहे. मुहासब्याची कल्पना निव्वळ एकांतवासी साधकांकडून आलेली नाही. पैसा आणि सत्ता हाताळणाऱ्यांच्या अनुभवातून ती आलेली आहे.

३. बगदाद : मिहना आणि मुहासबा

नवव्या शतकातील बगदादमध्ये 'तपासणी'चे दोन प्रकार एकाच वेळी अस्तित्वात होते. त्यांची तुलना उद्बोधक आहे.

इ. स. ८३३ मध्ये अब्बासी खलीफा मामून याने रक्का येथून बगदादच्या अधिकाऱ्याला पत्र पाठवून काझी व हदीसतज्ज्ञ यांची चौकशी करण्याचा हुकूम दिला. कुरआन हा निर्मित आहे, हे मत त्यांनी मान्य करतात की नाही हे तपासावयाचे होते. या चौकशीला इतिहासात 'मिहना' म्हणतात. हा शब्द 'म-ह-न' या धातूपासून आला असून सोने-चांदी तावून सुलाखून पाहणे हा त्याचा एक जुना अर्थ आहे. आज उर्दू शाळांतून वापरला जाणारा 'इम्तिहान' हा शब्दही त्याच धातूचा. मामून त्याच वर्षी वारला. परंतु त्याचा वारस मुअतसिम याच्या काळात इमाम अहमद बिन हंबल यांना मत न बदलल्याबद्दल फटके मारण्यात आले. वासिक याच्या काळापर्यंत मिहना चालू राहिली आणि मुतवक्किल याने आपल्या कारकिर्दीच्या पहिल्या काही वर्षांत ती बंद केली.

याच शहरात, याच वर्षांत हारिस बिन असद हे विद्वान राहत होते. त्यांचा जन्म इ. स. ७८१ च्या सुमारास बसरा येथे झाला व ८५७ मध्ये बगदादला ते निधन पावले. सतत स्वतःचा हिशेब घेत असल्यामुळे लोक त्यांना 'मुहासिबी' म्हणू लागले. वडिलांच्या धार्मिक मतांविषयी शंका असल्याने त्यांनी त्यांची मोठी मिळकत घेण्याचे नाकारले, असे चरित्रकार सांगतात. त्यांचा प्रमुख ग्रंथ 'अल्-रिआया लि-हुकूकिल्लाह' मार्गारेट स्मिथ यांनी संपादित करून १९४० मध्ये प्रसिद्ध केला. या ग्रंथाचा फार मोठा भाग 'रिया' म्हणजे लोकांना दाखवण्यासाठी केलेले सत्कर्म या विषयाला दिलेला आहे. पाप ओळखणे सोपे असते. चांगल्या कामातील खोटी जमा ओळखणे अवघड असते. माणूस दानधर्म, उपासना, अध्यापन करतो आणि त्यामागे प्रशंसेची इच्छा असते. इतकेच नव्हे, तर प्रशंसा नको असल्याचे दाखवून तो अधिक प्रशंसा मिळवतो. हे थरामागून थर मुहासिबींनी ज्या बारकाईने उलगडले आहेत, त्यामुळे मनाच्या अभ्यासाच्या इतिहासात त्यांना स्थान दिले जाते.

मिहना भोगलेल्या इमाम अहमद यांना मुहासिबींची पद्धत, विशेषतः प्रतिपक्षाचे मत मांडून मग त्याचे खंडन करण्याची त्यांची शैली, पसंत नव्हती. तरीही एकदा त्यांनी मुहासिबींची बैठक आडून ऐकली व त्यांना रडू आले, अशी कथा चरित्रग्रंथांत येते. तिच्या सत्यतेबद्दल जुन्या टीकाकारांनीच शंका घेतली आहे. विरोधामुळे मुहासिबींना अखेरची वर्षे लोकांपासून दूर काढावी लागली. त्यांच्या जनाजाच्या नमाजला केवळ चार माणसे होती, असे परंपरा सांगते.

दोन शब्दांतील भेद येथे स्पष्ट होतो. मिहनेत तपासणारा सत्ताधारी असतो, तपासला जाणारा दुसरा असतो आणि उत्तर आधीच ठरलेले असते. मुहासब्यात तपासणारा आणि तपासला जाणारा एकच असतो. आणि उत्तर हिशेब पूर्ण झाल्याशिवाय कळत नाही. पहिल्या पद्धतीत माणूस भीतीने खोटे बोलू शकतो. दुसऱ्या पद्धतीत तो खोटे बोललाच, तर फसतो तोही स्वतःच.

विशेष म्हणजे हा शब्द पुढे पंथभेदांच्या पलीकडे गेला. बगदादच्याच इब्न अबिद्दुन्या (८२३–८९४) यांनी 'मुहासबतुन्नफ्स' याच नावाचा ग्रंथ रचला. चौदाव्या शतकातील इब्न कय्यिम हे हंबली परंपरेचे. त्यांनी मुहासब्याचे कृतीपूर्वीचा आणि कृतीनंतरचा असे दोन प्रकार सांगितले. अकराव्या शतकात सारागोसा येथील ज्यू विद्वान बाह्या इब्न पकुदा यांनी आपल्या अरबी ग्रंथात याच विषयावर एक संपूर्ण प्रकरण लिहिले. बाराव्या शतकात त्याचे हिब्रू भाषांतर झाले आणि 'हेश्बोन हानेफेश' हा शब्दप्रयोग हिब्रूत रूढ झाला. तो आजही वापरात आहे.

४. इमाम गझाली : एका अध्यापकाचा हिशेब

मुहासब्याची सर्वांत व्यवस्थित मांडणी इमाम अबू हामिद गझाली (१०५८–११११) यांनी केली. 'इह्या उलूमिद्दीन' या चाळीस भागांच्या ग्रंथातील अडतिसावा भाग याच विषयाला वाहिलेला आहे. त्यांनी भागीदारीचाच दाखला विस्ताराने घेतला. अक्ल हा व्यापारी, नफ्स हा त्याचा भागीदार, आयुष्य हे भांडवल. सकाळी भागीदाराशी अटी ठरवाव्यात (मुशारता), दिवसभर त्याच्यावर लक्ष ठेवावे (मुराकबा), रात्री हिशेब घ्यावा (मुहासबा), तूट आढळली तर दंड करावा (मुआकबा), आळस आढळल्यास जादा मेहनत करवून घ्यावी (मुजाहदा) आणि सतत कानउघाडणी करीत राहावे (मुआतबा), अशा सहा पायऱ्या त्यांनी सांगितल्या. अनिवार्य कर्तव्ये ही मुद्दल, ऐच्छिक सत्कर्मे हा नफा आणि पापे हा तोटा. हिशेबाची सुरुवात मुद्दलापासून करावयाची असते, हे सांगण्यास ते विसरत नाहीत.

दंडाचे उदाहरण म्हणून अबू तल्हा (र.) यांची कथा येते. बागेत नमाज पढत असताना एका पक्ष्याकडे लक्ष गेले म्हणून त्यांनी ती बागच दान केली. दुसरी कथा तौबा बिन सिम्मा या रक्का येथील गृहस्थांची आहे. एके दिवशी त्यांनी आपल्या साठ वर्षांचे दिवस मोजले. ते साडेएकवीस हजार भरले. दररोज एकच चूक धरली तरी बेरीज केवढी होईल, या विचाराने त्यांना जबर धक्का बसला. कथेतील नैतिक बोध बाजूला ठेवला तरी पद्धत पाहण्यासारखी आहे : अस्पष्ट पश्चात्तापाच्या जागी येथे आकडा आलेला आहे.

अध्यापकांच्या दृष्टीने मात्र सर्वांत महत्त्वाचे उदाहरण खुद्द गझालींचे आहे. १०९१ मध्ये ते बगदादच्या निझामिया मदरशाचे प्रमुख अध्यापक झाले. सुमारे तीनशे विद्यार्थी त्यांच्यासमोर बसत. 'अल्-मुन्किझ' या आत्मकथनात ते सांगतात की, आपल्या कामांत सर्वांत चांगले काम म्हणजे अध्यापन असे त्यांना वाटत होते. म्हणून त्यांनी तेच तपासावयास घेतले. शिकवण्यामागचा आपला हेतू नावलौकिक मिळवण्याचा आहे, असे त्यांना आढळले. याच ग्रंथात मुहासिबींची पुस्तके वाचल्याचाही उल्लेख आहे. सहा महिने निर्णय होईना. १०९५ मध्ये त्यांची वाचाच बसली. वर्गात एक शब्द बोलणेही त्यांना अशक्य झाले. अखेर पद सोडून ते बाहेर पडले. ११०६ मध्ये निशापूर येथे ते पुन्हा शिकवू लागले, तेव्हा वरवर ते जुन्याच कामाकडे परतले होते. परंतु त्यांच्या मते काम तेच असले तरी खाते बदलले होते : पूर्वी ज्या विद्येने मान मिळतो ती ते शिकवीत, आता मान सोडावा कसा हे शिकवीत होते.

५. हिंदुस्थान आणि दख्खन

भारतात हा शब्द दोन वाटांनी आला. पहिली वाट दफ्तराची. झियाउद्दीन बरनी यांनी अल्लाउद्दीन खिलजीच्या काळाचे (१२९६–१३१६) वर्णन करताना महसुली कर्मचाऱ्यांच्या मुहासब्याची हकीकत दिली आहे. शरफ काई हा अधिकारी पटवाऱ्यांच्या वह्यांवरून एकेका जितलाची तूट शोधून काढी आणि ती वसूल करण्यासाठी मारहाण व तुरुंगवास यांचा वापर होई. महसुली कारकुनी ही तापापेक्षा वाईट समजली जाऊ लागली आणि अशा माणसाला कोणी मुलगी देईना, असे बरनी लिहितात. येथे मुहासबा हा शब्द मिहनेच्या अगदी जवळ गेलेला दिसतो. शब्द तोच, पण वही दुसऱ्याच्या हाती गेली की त्याचा अर्थ असा बदलतो.

दुसरी वाट खानकाहची. नक्शबंदी परंपरेतील 'वुकूफे-झमानी' म्हणजे आपला वेळ कसा जात आहे याचे क्षणोक्षणी भान ठेवणे. त्याचा अर्थ जाणकारांनी मुहासबा असाच दिला आहे. ही परंपरा सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे रुजली. पाणचक्कीच्या आवारात ज्यांची कबर आहे ते बाबा शाह मुसाफिर याच सिलसिल्याचे. त्यांच्या खानकाहच्या आठवणींचा फारसी ग्रंथ सायमन डिग्बी यांनी इंग्रजीत आणला असून २००१ मध्ये तो प्रसिद्ध झाला.

मराठीत याच कालखंडाच्या थोडे आधी श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद यांनी 'योगसंग्राम' (१६४५) हा ग्रंथ रचला. आत्म्याने मनाच्या घोड्यावर स्वार होऊन अहंकारादी आंतरिक शत्रूंशी केलेले युद्ध हे त्याचे सूत्र आहे. गझालींच्या पायऱ्यांतील 'मुजाहदा' या कल्पनेशी त्याचे नाते सहज जाणवते. मात्र शेख महंमदांनी रूपक बाजाराचे न घेता रणांगणाचे घेतले आणि ओवीच्या भाषेत ते मराठी श्रोत्यांपर्यंत नेले.

६. मराठीतील समांतर शब्द : झडती

हिशेब, जमा, खर्च, बाकी, वसूल, तारीख, दफ्तर, मुजुमदार हे शब्द मराठीत इतके मुरले की ते परके वाटत नाहीत. आदिलशाही अमलात पहिल्या इब्राहीम आदिलशहाने हिशेबाचे दफ्तर फारसीऐवजी 'हिंदवी'त ठेवण्यास सांगितल्याचे फिरिश्ता नोंदवितो. तेव्हापासून देशी कारकून आणि फारसी-अरबी परिभाषा यांची घसट वाढतच गेली. माधव ज्यूलियन म्हणजे माधव त्रिंबक पटवर्धन यांचा फारसी-मराठी कोश (१९२५) या देवाणघेवाणीचा मोठा पुरावा आहे. त्यांचा जन्म वडोद्याचा.

'मुहासबा' हा शब्द मात्र सामान्य मराठी बोलीत उतरला नाही. त्याचे काम दुसऱ्या एका शब्दाने केले. मराठेशाहीच्या महसुली कागदांत ताळेबंदाबरोबर 'झडती' हा कागद असे. झडती म्हणजे वसुलीचा आणि शिलकीचा तपासून घेतलेला अखेरचा हिशेब. 'झाडणे' या क्रियापदापासून आलेला हा देशी शब्द. आज मात्र झडती म्हटले की पोलिसांनी घराची किंवा अंगाची घेतलेली तपासणी डोळ्यासमोर येते. तरीही त्याचा जोडशब्द 'झाडाझडती' हा दोन्ही दिशांनी चालतो : वरिष्ठ कनिष्ठाची झाडाझडती घेतो, आणि विवेकी माणूस स्वतःचीही घेतो. अरबीत जे मुहासब्याचे झाले, तेच मराठीत झडतीचे झाले. दोन्ही शब्द हिशेबाच्या वहीतून निघाले, दोन्ही सत्तेच्या हाती जाऊन धाकाचे झाले आणि दोहोंनी अंतःकरणाचा अर्थ टिकवून धरला.

७. आजचा वापर

आधुनिक अरबीत 'मुहासबा' आणि तुर्कीत 'मुहासेबे' हे लेखाशास्त्राचे रूढ शब्द आहेत. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी तेथे मुहासबा शिकतो. उर्दूत तो टीका, जाब विचारणे या अर्थाने येतो. अल्लामा इक्बाल यांच्या 'मस्जिदे-कुर्तुबा' या कवितेत कर्मांचा हिशेब घेण्याची जबाबदारी व्यक्तीवरून समाजावर नेलेली आहे. हालींच्या 'मुसद्दस' (१८७९) या काव्यालाही समाजाचा मुहासबा म्हणता येईल.

महाविद्यालयीन शिक्षणात या कल्पनेला कागदी रूप आले आहे. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या 'नॅक'च्या मूल्यांकनात महाविद्यालयाने आधी स्वतःचा स्व-अध्ययन अहवाल तयार करावयाचा, असे ठरले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी अध्यापकालाही स्वतःच्या कामाचे गुण स्वतः मांडावयास लावले. २०१८ च्या नियमांत ती पद्धत बदलली. या पद्धतींत तत्त्व मुहासब्याचेच आहे : बाहेरचा तपासनीस येण्यापूर्वी स्वतःचा हिशेब मांडावा.

परंतु ज्या अहवालाचा वाचक दुसरा आहे, ज्यावर श्रेणी किंवा बढती अवलंबून आहे, त्यात तूट लिहिण्याची प्रेरणा क्षीण होते. कार्यक्रमांची छायाचित्रे, प्रमाणपत्रे, चर्चासत्रांची संख्या वाढत जाते. मुहासिबींनी अकराशे वर्षांपूर्वी 'रिया' म्हणून ज्याचे विश्लेषण केले, ते नेमके हेच होय. असा अहवाल निरुपयोगी आहे असे नव्हे. संस्थेला जबाबदार धरण्यासाठी मुहतसिब लागतोच. मात्र मुहतसिबासाठी लिहिलेल्या कागदाला मुहासबा समजणे ही गफलत आहे.

समारोप

या शब्दाच्या इतिहासातून तीन गोष्टी हाती येतात. पहिली, आत्मपरीक्षण ही निव्वळ भावना नसून ती एक पद्धत आहे. तिला सकाळची अट आणि रात्रीचा आकडा लागतो. दुसरी, तपासणीचे मूल्य वही कोणाच्या हाती आहे यावर अवलंबून असते. मिहना, खिलजीकालीन मुहासबा आणि आजची झडती हे त्याचे पुरावे आहेत. तिसरी, मुद्दल आधी मोजावे हा गझालींचा नियम अध्यापनालाही लागू आहे. अध्यापकाचे मुद्दल म्हणजे वर्गातील तास आणि समोरचा विद्यार्थी. जो विद्यार्थी वर्षभर मागच्या बाकावर बसला आणि काही न समजताच निघून गेला, त्याची नोंद कोणत्याही अहवालात होत नाही. ती बाकी फक्त अध्यापकालाच ठाऊक असते, आणि ती त्यालाच आपल्या वहीत मांडावी लागते.